दोन टक्क्यांच्या आधीची गोष्ट

कंपनीने शाळा बांधली की बातमीत ‘सीएसआर’, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, हा शब्द येतो. संचालक मंडळाचा कारभार मात्र अर्थपानावरच राहतो. दोन्हींचा इतिहास एकत्रच वाचायला हवा, आणि तो मुंबईतल्या एका पडझडीपासून.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बँका निघाल्या, समुद्रात भर घालणाऱ्या कंपन्या निघाल्या, शेअरांच्या नादाने शहर झपाटलं. बँक ऑफ बॉम्बेनेही शेअर तारण घेऊन सढळ हाताने कर्जं दिली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. पुढे बँकही बुडाली. चौकशी आयोग बसला. लोकांचा पैसा कोणी, कोणाला, कशाच्या भरवशावर दिला, याचा जाब तेव्हा मागितला गेला.

या तडाख्यात सापडलेले तरुण जमशेटजी टाटा त्या वेळी लंडनमध्ये होते. त्यांनी तोंड लपवलं नाही. ज्यांचे पैसे देणं होतं त्यांच्यापुढे आपल्या पेढीची खरी स्थिती मांडली. याच माणसाने १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघात भरपाई. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ उजाडलं! मला हा २८ वर्षांचा फरक फार मोलाचा वाटतो.

सगळीकडे असं नव्हतं. मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीत थोडे शेअर हाती असलेली घराणी अनेक कंपन्या चालवत आणि वर कमिशनही घेत. ही पद्धत १९७० मध्ये बंद झाली. १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे नियम कडक होत गेले. तरीही जानेवारी २००९ मध्ये ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या ताळेबंदातली हजारो कोटींची रोकड खोटी निघाली. याच कंपनीला काही महिन्यांपूर्वी उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता.

त्यानंतर आलेल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात स्वतंत्र संचालक, ठरावीक काळाने लेखापरीक्षक बदलणं आणि सीएसआरचं कलम १३५, सगळं एकत्र आलं. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं काहीही असेल तर मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चायची. सुरुवातीला खर्च न केल्यास अहवालात कारण देऊन भागत असे. जानेवारी २०२१ पासून मात्र उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा सरकारने ठरवलेल्या निधीत जमा करावीच लागते, नाहीतर दंड होतो.