एमएक्स-५ मोटारीचा विंड डिफ्लेक्टर

विंड डिफ्लेक्टर : टप उघडून चालवायच्या मोटारीत आसनांच्या मागे उभा बसवलेला पारदर्शक तक्ता किंवा ताणलेली जाळी. मराठीत त्याला वाऱ्याचा आडोसा म्हणता येईल. माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनी मोटार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिच्या पहिल्या पिढीसाठी (१९८९–९७) लहान उत्पादकांनी आणि हौशी मालकांनी तऱ्हेतऱ्हेचे डिफ्लेक्टर घडवले. त्यामुळे असा जोडभाग कसा आखतात हे समजून घ्यायला हीच मोटार सोयीची.

वारा पुढून येतो, पुढची काच तो अडवते, मग आडोसा पाठीमागे कशाला? हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि आराखड्यातल्या बहुतेक चुका त्याचे उत्तर नीट न समजल्याने होतात. पुढच्या काचेच्या वरच्या कडेपाशी हवा काचेला सोडते आणि डोक्यांवरून मागे निघून जाते. तिच्याखाली, बैठकीच्या पोकळीत, दाब कमी राहतो. ही तूट भरून काढायला हवा येते ती मागून. डिकीच्या झाकणावर उतरलेल्या प्रवाहाचा काही भाग उलटा फिरतो आणि आसनांच्या मधून व कडेने पुढे घुसतो. लांब केस मागे उडण्याऐवजी तोंडावर येतात आणि मान गारठते ती यामुळेच. थोडक्यात, अडवायचा तो परतीचा वारा. शहरातल्या संथ वेगात तो जाणवतही नाही. महामार्गावर मात्र बोलणे ऐकू येईनासे होते.

हा परतीचा वारा डोळ्यांनी पाहण्याची युक्ती अगदी स्वस्त आहे. लोकरीचे बोटभर लांब धागे आसनांच्या पाठीवर, डोक्याच्या आधारावर आणि मागच्या कठड्यावर चिकटपट्टीने लावायचे, मोटार दुसऱ्याने चालवायची आणि शेजारी बसून धाग्यांचे चित्रण करायचे. धागा मोटारीच्या पुढच्या दिशेला वळला की तिथून वारा आत येतो आहे असे समजावे. त्यानंतर पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवायचा आणि पुन्हा तीच फेरी मारायची. पुठ्ठा दोन-दोन सेंटिमीटरने छाटत गेले की उंचीचा निर्णय आकडेमोडीपेक्षा लवकर होतो. आसनांमधली आणि तक्त्याखालची फट बंद केल्याने जो फरक पडतो, तो उंची वाढवून सहसा पडत नाही. तक्ता डोक्यांच्याही वर नेला तर तो वरून जाणाऱ्या मुख्य प्रवाहात शिरतो. मग आवाज वाढतो आणि हवेचा विरोधही.

उंचीला दुसरी मर्यादा टपाची. या मोटारीचा कापडी टप आसनांच्या मागे घडी होऊन बसतो. पहिल्या पिढीत मागची खिडकी लवचिक प्लॅस्टिकची असून तिची चेन उघडून ती आधी खाली पाडावी लागते. टप खाली येताना त्याच्या कमानी एका वक्रातून फिरतात. म्हणून माप टप पूर्ण उघडा आणि पूर्ण बंद अशा दोन्ही टोकांना घेऊन भागत नाही, अर्ध्या वाटेवरही घ्यावे लागते. आसन पूर्ण मागे सरकवून आणि पाठ कलती करून तपासणेही तितकेच गरजेचे. अचानक पाऊस आला की टप ओढण्याआधी डिफ्लेक्टर काढावा लागत असेल, तर तो आराखडा फसलाच म्हणायचा.

तक्त्यावर येणारा जोर ढोबळमानाने काढता येतो. ताशी १०० किमी वेगाला वाऱ्याचा गतिज दाब दर चौरस मीटरला सुमारे ४६० न्यूटन भरतो. १ मीटर लांब आणि ३० सेंमी उंच तक्त्यावर त्याचा जोर जवळपास १४ किलो वजनाइतका होतो. ताशी १४० किमीला तो साधारण दुप्पट. परतीचा वारा यापेक्षा मंद असतो, पण पकडी याच आकड्यावर बेतलेल्या बऱ्या. वाऱ्याच्या झोतात सुटा झालेला तक्ता मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या वाटेत पडतो, हे विसरून चालत नाही.

साहित्य दोन प्रकारचे वापरतात : ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट. ॲक्रिलिक नितळ दिसते, लेझरने स्वच्छ कापले जाते, उन्हात वर्षानुवर्षे टिकते आणि तापवलेल्या तारेवर सरळ रेषेत वाकवता येते. पण फुटले की त्याचे धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट हातोड्यालाही सहजी दाद देत नाही. मात्र त्यावर ओरखडे चटकन पडतात, अतिनील किरणांपासून बचाव करणारा थर नसेल तर ते पिवळे पडते आणि लेझरने कापताना त्याची कड करपते. तापवून आकार देण्याआधी ते भट्टीत सुकवावे लागते, नाहीतर आतल्या ओलाव्याचे बुडबुडे उठतात. तक्ता माणसाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर उभा असतो, तेव्हा देखणेपणासाठी ॲक्रिलिक निवडणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

भोके पाडताना घाई नडते. धातूसाठी धार लावलेले ड्रिल प्लॅस्टिकमध्ये अडकते आणि तडा जातो, म्हणून धार बोथट करून, खाली लाकूड धरून, हळू फिरवतात. दोन्ही प्लॅस्टिके उष्णतेने बरीच प्रसरण पावतात : १ मीटर लांबीचा तक्ता तापमानात ४० अंशांचा फरक पडला की पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. भोक बोल्टच्या मापाचे ठेवले तर कडक उन्हात चिरा तिथूनच सुरू होतात. म्हणून भोक ऐसपैस आणि खाली-वर रबरी वायसर. त्याने खडखडही थांबते. बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते आटे-चिकटद्रव्य मात्र इथे चालत नाही. त्याने पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक दोन्ही तडकतात. नायलॉनची पकड असलेले नट वापरावेत.

बसवायला सोयीच्या जागा म्हणजे दोन्ही बाजूंचे आसनपट्ट्यांचे उभे खांब, किंवा रोलबार (मोटार उलटली तर डोकी वाचवणारी आसनांमागची कमान) असेल तर त्याची नळी. खांबांवर तक्ता धरणारा कंस (ब्रॅकेट) बसवताना आसनपट्ट्याच्या मूळ बोल्टखाली जाड पट्टी सरकवण्याचा मोह होतो. त्याने बोल्टचे आटे कमी बसतात आणि अपघातात जीव ज्याच्यावर अवलंबून असतो तोच सांधा कमकुवत होतो.

आरशातून मागचा रस्ता या तक्त्यातूनच दिसतो. रात्री मागच्या गाडीचे दिवे त्याच्या दोन पृष्ठभागांवरून परावर्तित होऊन दुहेरी दिसू शकतात. तक्ता काही अंश कलता केला की नको असलेले प्रतिबिंब नजरेबाहेर जाते. जाळीला ही अडचण नसते. तिच्यातून थोडी हवा झिरपते, त्यामुळे परतीचा झोत मोडतो पण कडेला जोरकस भोवरे होत नाहीत. मात्र आरशातले दृश्य काळवंडते.

कल्पना जुनी आहे. १९२०–३० च्या दशकांतल्या मोठ्या उघड्या मोटारींत मागच्या प्रवाशांसाठी दुसरी काच असे. आसनांमागची जाळी मर्सिडीज-बेंझने १९८९ च्या एसएल या उघड्या मोटारीत दिली. त्याच कंपनीने २००४ मध्ये एसएलके मोटारीत मानेवर गरम हवा सोडणारी एअरस्कार्फ ही सोय आणली, आणि २०१० मध्ये ई-क्लासच्या उघड्या मोटारीत एअरकॅप. त्यात पुढच्या काचेच्या वरच्या कडेवर एक पट्टी उचलली जाते, म्हणजे डोक्यांवरून जाणारा प्रवाहच आणखी वर ढकलला जातो. तरीही आसनांमागची जाळी तिथे कायम आहे.