किशोरवयीनांचे मधुमेह-मार्गदर्शक (मराठवाडा)

मधुमेह असलेल्या साधारण १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना इन्शुलिन, आहार, रक्तशर्करेची तपासणी आणि रोजचे व्यवहार यांचा मेळ घालायला शिकविणारे बालरोगतज्ज्ञ, अंतःस्रावतज्ज्ञ, परिचारिका, आहारतज्ज्ञ, मधुमेह-शिक्षक व समुपदेशक. या वयात मुख्यतः पहिल्या प्रकारचा मधुमेह आढळतो. त्यात स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून नष्ट होतात. त्यामुळे गोळ्यांनी भागत नाही आणि इन्शुलिन जन्मभर बाहेरून घ्यावे लागते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत ज्या रुग्णाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले, तो लिओनार्ड थॉम्पसनही १४ वर्षांचाच होता.

वयात येताना वाढीची आणि लैंगिक संप्रेरके इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात, म्हणून मात्रा वाढवावी लागते. नेमके याच काळात मुलांना आईच्या हातून टोचून घेणे नकोसे होते, आणि चारचौघांत स्वतः टोचून घेणे त्याहून नकोसे. चुकवलेले इंजेक्शन, वहीत मनानेच लिहिलेले साखरेचे आकडे हे प्रकार मार्गदर्शकांच्या परिचयाचे असतात. अशा वहीवरून रागावणाऱ्यापेक्षा खरा आकडा सांगायला वाव देणारा मार्गदर्शक अधिक उपयोगी ठरतो, कारण खोट्या आकड्यावर ठरवलेली मात्रा धोक्याची असते.

शिक्षणाची सुरुवात सिरिंजपासून होते. भारतात कुपीतील इन्शुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० एककांचे, तर पेनमधील बहुधा १०० एककांचे असते. १०० एककांचे इन्शुलिन ४० च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, तर मात्रा अडीचपट होते. म्हणून परिचारिका आधी कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचायला लावते. टोचण्याची जागा रोज बदलायलाही ती सांगते. एकाच जागी टोचत राहिल्यास तिथे चरबीची गाठ बनून औषध नीट शोषले जात नाही.

मराठवाड्यात यानंतरचा प्रश्न उन्हाचा असतो. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते, आणि एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४० च्या वर जातो. घरी फ्रीज नसेल, तर मातीच्या मोठ्या भांड्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरतात आणि आतल्या मडक्यात कुपी कोरड्या डबीत ठेवतात. फ्रीजइतका गारवा यात मिळत नाही, तरी औषध तापण्यापासून वाचते. फ्रीज असलेल्या घरांत उलटी चूक होते: कुपी बर्फाच्या कप्प्यात जाते आणि गोठलेले इन्शुलिन टाकून द्यावे लागते.

आहारतज्ज्ञाने छापील तक्ता हातात दिला की काम झाले असे नाही. ज्वारीची भाकरी घरागणिक लहानमोठी, जाडपातळ असते. त्यामुळे किती भाकरी यापेक्षा केवढी भाकरी हे विचारावे लागते. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हलकी मानली जाते, प्रत्यक्षात ती साखर झपाट्याने वाढवते. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली, हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, तर तीन चमचे साखर खाऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हा नियम मुलाइतकाच त्याच्या बाकावरच्या मित्रालाही शिकवावा लागतो.

विशेषज्ञांची सोय प्रामुख्याने छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांत आहे. लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. संभाजीनगरची ‘उडान’ ही संस्था या मुलांसाठी काम करते. खेड्यातल्या कुटुंबाला मात्र एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोजावे लागते. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात, तेव्हा मूल कोपीवर (ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत) जाणार की गावी आजीजवळ राहणार हे विचारून, पुढच्या काही महिन्यांचे इन्शुलिन, सुया आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या यांचा हिशेब निघण्यापूर्वीच करून द्यावा लागतो. आजारपणात जेवण गेले तरी इन्शुलिन पूर्ण बंद करायचे नाही, ही सूचना अशा वेळी आजीला समजेल अशा शब्दांत सांगणे अत्यावश्यक असते. ते बंद झाल्यास रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचून मूल बेशुद्ध पडू शकते.

मुलींच्या बाबतीत पालकांचा आग्रह अनेकदा आजार लपवण्याचा असतो आणि लग्न जमताना तो वाढतो. समुपदेशक तेव्हा पालकांशी वेगळे आणि मुलीशी वेगळे बोलतात. सासरी चोरून इन्शुलिन घेणे किती दिवस निभेल, गर्भधारणेआधी साखर आटोक्यात का हवी, हे प्रश्न मुलीसमोर पालकांच्या अपरोक्षच मोकळेपणाने मांडता येतात.