सरळव्याजापासून सुरू झालेली भाषा

बेळगावातल्या मराठी घरात माळ्यावरची ट्रंक उघडली की एका प्रकारचं पुस्तक हटकून सापडतं: एखादी भाषा घरबसल्या शिकवणारं. आजोबांचं असेल तर ती भाषा इंग्रजी, वडिलांचं असेल तर बहुतेक कन्नड. आणि १९९० नंतर कॉलेजात गेलेल्या कुणाचं असेल तर सी, म्हणजे संगणकाला सूचना द्यायची भाषा. तिन्ही पुस्तकांची कव्हरं सारखीच फाटलेली, आणि पहिल्या तीस पानांनंतर कागद सारखाच कोरा करकरीत.

सीमाभागातल्या मराठी माणसाला पुस्तकातून भाषा शिकायची सवय संगणकाच्या कितीतरी आधी लागली होती. इथल्या प्रोग्रामिंगच्या पुस्तकांची गोष्ट तिथूनच सुरू करावी लागते. इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. थोडे नियम, थोडे शब्द, मग भाषांतराला वाक्यं, की पुढचा धडा. मास्तर असले तर उत्तम, नसले तरी काम अडत नाही. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाचा सगळा इतिहास इथे सांगायची गरज नाही. आपल्या विषयापुरतं एवढंच, की जमिनीचा उतारा, सरकारी कागद, नोकरीची परीक्षा हे सगळं हळूहळू कन्नडमधून येऊ लागलं. ज्यांची शाळा मराठीतून झाली होती त्यांनी बाजारातून छोटी कन्नड-मराठी पुस्तकं आणली आणि ओट्यावर बसून अक्षरं गिरवली. रस्त्यावर सक्तीला विरोध आणि घरात त्याच भाषेचा अभ्यास, हे दोन्ही एकाच माणसानं केल्याची उदाहरणं गल्लोगल्ली मिळतील. त्यात विसंगती आहे असं इथं कुणाला वाटत नाही.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला. हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक त्याचीच आठवण. दुसऱ्याच वर्षी, १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या बोर्लंड कंपनीनं टर्बो सी, म्हणजे सी लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, बाजारात आणलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण भाषा या शब्दावरून ज्या शहरात माणसं मेली, त्याच शहरात थोड्याच वर्षांनी अशी एक भाषा आली की जिच्या विरोधात ना मोर्चा निघाला ना बंद पाळला गेला. (सक्ती मात्र झाली. ती पुढे विद्यापीठाकडून.)

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगतो, कारण त्यात बेळगाव जवळजवळ नाहीच. आयबीएमची फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा १९५७ ची. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० हे यंत्र आलं आणि तिथं शिकवणाऱ्या व्ही. राजारामन यांनी भारतीय विद्यार्थ्यांना परवडतील अशी प्रोग्रामिंगची पुस्तकं लिहायला घेतली. त्या काळी ऐंशी रकान्यांच्या कार्डांना भोकं पाडून प्रोग्राम द्यायचा आणि छापील उत्तराची वाट बघायची. उत्तरात चूक निघाली तर पुन्हा रांग. अशा पद्धतीत स्वयंशिक्षण कसलं होणार? पुस्तक असूनही बोलायला समोर यंत्रच नाही. बेळगावच्या उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट हे इंजिनिअरिंग कॉलेज १९७९ मध्ये सुरू झालं, तरी गावातल्या सामान्य मुलाला संगणक म्हणजे बँकेत किंवा वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसणारी वस्तू.

सी भाषेचं मूळ पुस्तक कर्निघन आणि रिची यांचं, १९७८ चं, जेमतेम सव्वादोनशे पानांचं. पडद्यावर 'हॅलो, वर्ल्ड' छापणारा पहिला प्रोग्राम त्यानंच जगभर नेला. त्यामागचा विचार साधा आणि शहाणपणाचा. एवढी एक ओळ छापायची तरी प्रोग्राम कुठे टाईप करायचा, कंपाइल कसा करायचा (म्हणजे यंत्राच्या भाषेत कसा आणायचा), चालवायचा कसा आणि उत्तर कुठे बघायचं, हे सगळं जमावं लागतं. ते जमलं की बाकीचं सोपं. मात्र प्रस्तावनेतच लेखकांनी बजावलं आहे की हे अगदी नवख्यासाठीचं पुस्तक नाही. व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं), फंक्शन (नाव दिलेला सूचनांचा गट) या कल्पना वाचकाला थोड्याफार ठाऊक असाव्यात, अशी त्यांची अपेक्षा. आमच्याकडे ती पुरी करणारा वाचक कुठून आणायचा?

तो कोनाडा भरला नागपूरच्या एका मराठी माणसानं. यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' इंग्रजीतच आहे, पण त्याचं इंग्रजी आपल्या गल्लीतून जाऊन आल्यासारखं. सुरुवातीलाच ते सांगतात की सी शिकायची ती इंग्रजी शिकल्यासारखी. इंग्रजीत आधी अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं, मग परिच्छेद. सीमध्ये आधी अक्षरं, अंक आणि चिन्हं, मग कॉन्स्टंट (न बदलणारी किंमत), व्हेरिएबल आणि कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द), मग इन्स्ट्रक्शन, मग प्रोग्राम. तर्खडकर आणि तीस दिवसांत कन्नड यांवर वाढलेल्या घरातल्या मुलाला ही चढण ओळखीचीच वाटली. कीवर्ड फक्त बत्तीस. एवढ्या शब्दांत संपणारी भाषा आमच्या घरात याआधी कुणी शिकली नव्हती.

आणि पहिला प्रोग्राम? अमेरिकेतलं पुस्तक जगाला नमस्कार करून सुरू होतं, नागपूरचं सरळव्याजानं. मुद्दल १०००, वर्षं ३, दर साडेआठ. मला ही निवड आजही फार आवडते. पडद्यावर नमस्कार उमटला तर बरं वाटतं, पण तो बरोबर आला की नाही हे तपासण्यासारखं त्यात काही नसतं. सरळव्याजाचं तसं नाही. मुद्दल गुणिले दर गुणिले काळ भागिले शंभर, हे मराठी शाळेतल्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. वहीच्या कोपऱ्यात त्यानं आधीच २५५ काढून ठेवलेले असतात. यंत्रानं तेच सांगितलं की यंत्रावरही विश्वास बसतो आणि स्वतःवरही. परक्या भाषेत पहिलं वाक्य बोलायचं तर ते आपल्या ओळखीच्या मजकुराचं असावं.

अडचण प्रोग्राममध्ये नव्हतीच, ती दोन प्रोग्रामांच्या मधल्या मजकुरात होती. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत मराठी माध्यम, सोबत कन्नड, आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला सायन्स घेतलं की एकदम सगळं इंग्रजी, ही इथल्या मुलांची वाट. त्यामुळे पुस्तक वाचायची एक खास पद्धत तयार झाली. परिच्छेद सोडायचे, चौकटीतला प्रोग्राम जसाच्या तसा टाईप करायचा, काय होतं ते बघायचं, आणि मग वरचा परिच्छेद वाचायचा. उत्तर आधी, स्पष्टीकरण मागून. शिक्षणतज्ज्ञांना ही पद्धत कशी वाटेल कोण जाणे, आमचं निम्मं इंग्रजी मात्र तिनंच सुधारलं.

यंत्र घरी नव्हतं. टिळकवाडीतल्या एका क्लासात तासावर मिळायचं, आणि एका यंत्रापुढे दोघं बसवायचे. पैसे मात्र दोघांकडून पूर्ण घ्यायचे. त्यामुळे प्रोग्राम आधी वहीत लिहून न्यायचा, तिथं फक्त टाईप करायचा. छापील एक आणि धाकटा एल यांच्यातला फरक पुस्तकाच्या कागदावर दिसत नसे, शून्य आणि ओ यांचंही तेच. एकदा माझ्या शेजाऱ्याचा सगळा तास त्यात गेला. सर आले, एका नजरेत चूक दाखवून गेले आणि जाता जाता म्हणाले, 'डोळे उघडे ठेव की गा.'

टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर सगळ्यात जास्त दिसणारा निरोप म्हणजे 'स्टेटमेंट मिसिंग' आणि पुढे एक अर्धविराम. त्यातही एक मेख होती. सेमीकोलन विसरलेला असायचा वरच्या ओळीत, पण यंत्र बोट दाखवायचं खालच्या ओळीकडे. कारण वाक्य संपलं नाही हे कंपायलरला कळतं ते पुढचा शब्द वाचल्यावरच. हे पुस्तकात नव्हतं. ते शेजारच्यानं सांगितलं, त्याला आणखी कुणी सांगितलं होतं. बिनगुरूच्या विद्येला गुरू लागत नाही हे खरं, शेजारी मात्र लागतो. आणि तो शेजारी 'एरर मारतोय', 'लूप फिरतच राहिलाय', 'व्हॅल्यू आत गेलीच नाही' अशा मराठीत बोलायचा, किंवा कन्नडमध्ये, किंवा दोन्हीची भेळ करून. वडगावच्या विणकराच्या घरातला माझा कन्नडभाषिक मित्र आणि मी एकाच पुस्तकावर शिकलो. त्याच्या समासात कन्नड, माझ्या समासात मराठी.

१९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय खानापूर रस्त्यावर मच्छ्याला आलं. कर्नाटकातली बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं त्याच्या छत्राखाली गेली आणि पहिल्याच वर्षी सगळ्या शाखांना, सिव्हिल असो की मेकॅनिकल, सी शिकणं आलं. स्वयंशिक्षणाच्या पुस्तकाचं इथून गाईड झालं. मार्कांना येणारे प्रोग्राम पाठ करायची प्रथा पडली. पाठांतराची शिकार झालेला एक आकडा सांगतो. टर्बो सीमध्ये इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) दोन बाइटचा, म्हणून त्यात मावणारी मोठ्यात मोठी संख्या ३२७६७. त्यात एक मिळवलं की उत्तर उणे ३२७६८. हे त्या जुन्या सोळा-बिटी कंपायलरचं वैशिष्ट्य होतं, सी भाषेचा नियम नव्हता. नव्या यंत्रांवर इंट चार बाइटचा झाला, तरी जुने प्रोग्राम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये तोच निळा पडदा उघडून पोरं तेच उत्तर लिहीत राहिली. जुनं पुस्तक चुकीचं नव्हतं, पण ज्या यंत्राबद्दल ते बोलत होतं ते यंत्रच भंगारात गेलं होतं.

याच सुमारास पुस्तकातून प्रोग्रामिंग शिकणारी दुसरी एक जमात त्याच उद्यमबागेत होती. तिची नोंद कुणी घेतलेली दिसत नाही, कारण ती स्वतःला प्रोग्रामर म्हणवत नाही. फाउंड्री आणि मशीनशॉपच्या या वसाहतीत साध्या लेथच्या जागी संगणकाच्या सूचनांवर चालणारी सीएनसी यंत्रं आली. त्यांची भाषा जी-कोड. जी०० म्हणजे टूल वेगानं नेणं, जी०१ म्हणजे सरळ रेषेत कापणं, एम०३ म्हणजे स्पिंडल फिरवणं, एम३० म्हणजे प्रोग्राम संपला. पुस्तक कुठलं, तर यंत्राबरोबर आलेलं जाडजूड मॅन्युअल, तेलाच्या बोटांनी काळं झालेलं. आयटीआय झालेल्या मुलांनी त्यातून वाक्यं लावायला शिकून घेतलं. सीमध्ये चूक झाली तर पडदा तक्रार करतो. इथं जी०१ च्या जागी जी०० पडला तर टूल थेट जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर जाऊन धडकतं आणि इन्सर्टचे, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाचे तुकडे होतात. म्हणून आधी जॉब न लावता ड्राय रन घ्यायचा. माझ्या मते सीमाभागातलं सगळ्यात कडक स्वयंशिक्षण कॉलेज रोडच्या क्लासात झालं नाही, या शेडमध्ये झालं.

सीमेपलीकडे चित्र वेगळं होतं. २००१ मध्ये महाराष्ट्रात एमएस-सीआयटी सुरू झालं आणि त्याचं पुस्तक मराठीतही मिळू लागलं. शिनोळी आली की चंदगड तालुका, म्हणजे सायकलच्या अंतरावर मराठीतून संगणक. त्यात प्रोग्रामिंग नव्हतं, पण विंडो, फाइल, फोल्डर यांच्याबद्दल मराठी वाक्यं छापलेली बघणं हीच आमच्याकडच्या मुलांना अपूर्वाई. पुढे मुंबईच्या आयआयटीनं स्पोकन ट्युटोरियल आणलं. सी, पायथॉन वगैरे भाषांचे धडे, पडदा इंग्रजी आणि आवाज मराठी. आमच्या क्लासातला शेजारी जे करत होता तेच, फक्त शुद्ध मराठीत.

पायथॉननं जुनीच दुखणी नव्यानं दाखवली. २००८ च्या शेवटी तिची तिसरी आवृत्ती आली आणि प्रिंटला, म्हणजे पडद्यावर छापायच्या आज्ञेला, कंस सक्तीचे झाले. दुसरी आवृत्ती अधिकृतपणे बंद झाली १ जानेवारी २०२० ला. मधल्या अकरा वर्षांत जुन्या पुस्तकांच्या दुकानातून स्वस्तात पुस्तक आणणाऱ्याचा पहिल्या पानावरचा पहिलाच प्रोग्राम अडायचा आणि दोष तो स्वतःच्या इंग्रजीला द्यायचा.

त्याच तिसऱ्या आवृत्तीत व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येऊ लागली. इफ, फॉर, व्हाइल इंग्रजीतच राहिले. प्रोग्रामच्या ओळीत थेट मराठी आकडा लिहिला तर तो चालत नाही, पण वापरणाऱ्यानं टाईप केलेले देवनागरी आकडे इंट आणि फ्लोट (अपूर्णांकांसाठीचा प्रकार) मुकाट्यानं वाचतात. खानापूरकडचा माझा भाचा यंदा पीयूसीला आहे. परवा त्यानं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. व्हेरिएबल तीन, मुद्दल, दर आणि काळ. मामा, तुमचाच प्रोग्राम आहे, म्हणाला. मी १०००, ८.५ आणि ३ मराठी आकड्यांत टाईप केले. उत्तर आलं दोनशे पंचावन्न, इंग्रजी आकड्यांत, पुढे एक टिंब आणि शून्य. ते शून्य कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, शंभरानं भागलंय ना, म्हणून.