एकच मेल दोनदा का येतो?

एखादा ग्राहक कंपनीच्या 'विक्री' आणि 'चौकशी' या दोन्ही पत्त्यांवर एकच मेल पाठवतो आणि सुनीताच्या पेटीत त्याच्या दोन प्रती पडतात. लगेच 'खातं हॅक झालं' म्हणून पासवर्ड बदलायची घाई होते. त्याने काही फरक पडत नाही, कारण सर्व्हरने त्याला सांगितलं होतं तेच केलेलं असतं.

असे पत्ते म्हणजे एलियास. त्यांना स्वतःची पेटी नसते. सर्व्हरच्या तक्त्यात फक्त 'विक्रीचा मेल सुनीताला द्या' अशी ओळ असते. पोस्टफिक्स या सर्व्हरमध्ये मेल रांगेत लागण्याआधी क्लीनअप नावाचा प्रोग्राम हे पत्ते उलगडतो, म्हणजे त्यांच्या जागी तक्त्यातले पत्ते घालतो, आणि पुन्हा आलेले गाळतो. सेटिंग बदललं नसेल, तर गाळताना तो 1000 पत्ते लक्षात ठेवतो.

तरी दोन प्रती सुटतात, कारण क्लीनअप नुसता अंतिम पत्ता बघत नाही, तर मूळ पत्ता आणि उलगडलेला पत्ता अशी जोडी ताडतो. विक्री–सुनीता आणि चौकशी–सुनीता या जोड्या वेगळ्या, म्हणून प्रतीही दोन. मेल मुळात कोणत्या पत्त्यावर आला हे 'एक्स-ओरिजिनल-टू' या हेडरमध्ये (मेलच्या सुरुवातीच्या तांत्रिक माहितीच्या ओळीत) लिहिता यावं, यासाठी ही सोय. 'एनेबल_ओरिजिनल_रेसिपियंट' ही सेटिंग 'नो' केली की एकच प्रत येते; पण त्या हेडरवरून मेल वेगळे करणारे नियम मग निकामी होतात.

व्हायरस तपासणारा फिल्टर मध्ये बसवला की गुंता वाढतो. समजा, 'विक्री'ला स्वतःची पेटी आहे आणि तिची प्रत सुनीतालाही जाते. फिल्टरकडे जाताना पत्ता एकदा उलगडतो: विक्री, सुनीता. फिल्टरमधून परत येताना 'विक्री' पुन्हा उलगडतो आणि सुनीताला दुसरी प्रत मिळते. उपाय म्हणजे दोनपैकी एकाच टप्प्यावर उलगडणी ठेवायची. दुसऱ्या टप्प्यावर 'रिसीव्ह_ओव्हरराइड_ऑप्शन्स' या सेटिंगमध्ये 'नो_अ‍ॅड्रेस_मॅपिंग्ज' लिहायचं.

क्लीनअपचं गाळणं एका वेळी आलेल्या एकाच मेलपुरतं चालतं. दोन्ही पत्ते वेगळ्या डोमेनचे असतील, तर पाठवणारा सर्व्हर बहुधा मेल दोनदा स्वतंत्रपणे सोपवतो. किंवा मजकूर पोचतो, पण 'मिळालं' हे उत्तर वेळेत परत जात नाही, आणि समोरचा सर्व्हर तोच मेल पुन्हा पाठवतो. हा दोष 1988 च्या आरएफसी 1047 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातच मांडला आहे. आजचं मानक या उत्तरासाठी 10 मिनिटं थांबायला सांगतं. तरीही संपर्क तुटला, तर मेल हरवण्यापेक्षा दोनदा गेलेला बरा, हे धोरण मला योग्यच वाटतं.

अशा प्रती पेटीपाशीच अडवाव्या लागतात. सायरस हा पेट्या सांभाळणारा सर्व्हर 'मेसेज-आयडी' (मेलची ओळखखूण) आणि पेटी यांची नोंद ठेवून दुसरी प्रत टाकून देतो; मेल छाटण्याच्या सीव्ह नियमांतही 2014 पासून 'डुप्लिकेट' ही चाचणी आहे. मात्र काही गचाळ सॉफ्टवेअर प्रत्येक मेलला एकच आयडी चिकटवतात. तिथे दुसरं बिल पहिल्याची प्रत ठरून गडप होतं.

सेटिंगला हात लावण्याआधी दोन्ही प्रतींचे हेडर उघडा. मेसेज-आयडी वेगळे असतील तर मेल बहुधा खरोखरच दोनदा पाठवला गेलाय. आयडी एकच आणि 'रिसीव्ह्ड' ओळीतला, सर्व्हरने रांगेत दिलेला क्रमांकही एकच असेल, तर एलियासचा तक्ता तपासा, आणि फिल्टर असेल तर त्याचं सेटिंगही. क्रमांक वेगळा असेल, तर फिल्टर किंवा त्याआधीचा सर्व्हर.