एक लाख फोटो, दोनदा

जपानच्या खेड्यांचे फिल्मवर काढलेले जुने फोटो शोधायला बसलं की दोन नावं हटकून एकापाठोपाठ येतात: मियामोतो त्सुनेइची आणि मासुयामा ताझुको. दोघंही धंद्याने छायाचित्रकार नव्हेत. दोघांच्या हातात साधा, छोटा कॅमेरा. दोघांनी मागे ठेवलेल्या फोटोंचा आकडाही जवळपास एकच, सुमारे एक लाख. मग दोघांच्याही फोटोंखाली ‘लोप पावणारं ग्रामीण जपान’ एवढी एकच ओळ चिकटवली जाते आणि घोळ होतो. कारण हे दोन ढीग वेगळ्या कामासाठी जमले होते, आणि ते पाहायचेही वेगळ्या रीतीने.

मियामोतो (१९०७–१९८१) लोकजीवनाचे अभ्यासक. यामागुची प्रांतातल्या सुओ-ओशिमा बेटावरचे. पंधराव्या वर्षी ओसाकाला निघताना वडिलांनी सांगितलं होतं: आगगाडीत बसलास की खिडकीबाहेर बघ. शेतात काय लावलंय, घरं मोठी की लहान, छपरं कौलांची की गवताची. नव्या गावात गेलास की आधी उंचावर चढून गाव बघून घे. पोरगा पुढे देशभर पायी फिरला, हजारावर घरांत मुक्कामाला राहिला, आणि वडिलांची ती सवय त्याच्या फोटोंत उतरली. धावत्या गाडीच्या खिडकीतून टिपलेली शेतं, टेकडीवरून दिसणारं बंदर, दगडी बांध, रचलेली लाकडं, दुकानांच्या पाट्या. आणि वाळत घातलेले कपडे, पुन्हा पुन्हा. दोरीवर काय आहे त्यावरून घरात माणसं किती, कामं कोणती, नायलॉन गावात पोचलं की नाही, हे कळतं. विचारायची गरज पडत नाही.

त्यांची युद्धाआधीची टिपणं जुलै १९४५मध्ये साकाई शहरावरच्या हवाई हल्ल्यात जळाली. आज आपण पाहतो ते फोटो मुख्यतः १९५५नंतरचे, कृष्णधवल, आणि त्यातले बरेच ऑलिंपस पेन या कॅमेऱ्याच्या एस मॉडेलवरचे. पेन १९५९मध्ये बाजारात आला. तो हाफ-फ्रेम: ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर नेहमीची चौकट २४ बाय ३६ची, तर याची १८ बाय २४ची. म्हणजे ३६च्या रोलवर ७२ फोटो. फिल्म महाग असताना फिरत्या माणसाला हे फारच सोयीचं. कॅमेरा सरळ आडवा धरला की फोटो उभा येतो, त्यामुळे त्यांच्या संग्रहात उभ्या चौकटी खूप भेटतात. निगेटिव्ह एवढीशी असल्याने मोठ्या प्रिंटवर दाणे दिसतात, पण त्यांना भिंतीवर टांगायचं नव्हतंच. वहीत लिहायला जिथे पाच मिनिटं लागली असती तिथे ते एक बटण दाबत. सुटा फोटो हातात घेतला तर, खरं सांगायचं तर, पुष्कळदा कंटाळवाणा. एकाच दिवसाचे चाळीस-पन्नास ओळीने पाहिले की मात्र एक माणूस बंदरावर उतरून, चढ चढून, गल्लीतून कसा गेला आणि कुठे थबकला ते उलगडत जातं.

मासुयामा आजींच्या फोटोंत माणसं सरळ आपल्याकडे बघतात. ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण. फोटो रंगीत, स्टुडिओतून धुवून आलेल्या साध्या प्रिंट, आणि त्यात शेजारी हसताहेत, जेवताहेत, बर्फ उपसताहेत, नाचताहेत. मियामोतोंना भेटणारी माणसं कामात गढलेली असतात; आजींना भेटणारी माणसं आजींना ओळखत असतात.

त्यांचा जन्म १९१७चा, गाव तोकुयामा, गिफू प्रांताच्या डोंगरात. १९५७पासून तिथे धरणाची योजना घोंगावत होती. १९७७मध्ये, साठीला आल्यावर, त्यांनी कॅमेरा घेतला. मांजराने लाथ मारली तरी फोटो निघेल असा द्या, असं त्यांनी मागितलं म्हणतात. मिळाला कोनिकाचा सी-३५ ईएफ. १९७५मध्ये आलेल्या या कॅमेऱ्यात फ्लॅश आतच बसवलेला होता. ही बाब किरकोळ वाटेल, पण डोंगरातल्या अंधाऱ्या घरात, रात्रीच्या पंगतीत, देवळातल्या उत्सवात फोटो निघू शकले ते या फ्लॅशमुळे. पेन्शनमधले पैसे रोल आणि धुलाईवर जात. प्रिंट लोकांना वाटायच्या, उरलेल्या अल्बममध्ये लावायच्या. असे सुमारे ६०० अल्बम झाले.

एवढं कशासाठी? त्यांचे पती जपानी सैन्याच्या १९४४च्या इंफाळ मोहिमेत बेपत्ता झाले होते. मेल्याची खात्रीची खबर नाही, म्हणजे कधी परत आले आणि गावच जागेवर नसलं, तर त्यांना काय दाखवायचं? (त्याच आघाडीवर, मार्च १९४४मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला, मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपानी सैन्याशी लढली होती. आपल्याकडे इंफाळ आठवतं ते या बाजूने.) सरकारने एकदा मनावर घेतलं की युद्ध असो वा धरण, ते होणारच, असं त्या म्हणत. धरणाविरुद्ध घोषणा देणारे फोटो म्हणून हा संग्रह कुठेकुठे मांडला जातो, ते मला पटत नाही. आजींनी धरण अडवायला फोटो काढले नाहीत. ते अडणार नाही हे धरूनच काढले.

१९८७मध्ये तोकुयामा हे गाव कागदावरूनही गेलं. आजी त्याआधीच गिफू शहरात राहायला आल्या होत्या, पण कॅमेरा थांबला नाही. शहरातल्या नव्या घरांत विखुरलेले जुने शेजारी, त्यांची लग्नं, म्हातारपणं, शिवाय अधूनमधून मोकळ्या झालेल्या गावाच्या चकरा, सगळं चालू राहिलं. म्हणून ‘बुडण्याआधीचं गाव’ एवढंच म्हणून हा संग्रह संपवता येत नाही. त्यातला मोठा भाग गाव सुटल्यानंतरचा आहे. मार्च २००६मध्ये त्या वारल्या, जलाशय भरायला सुरुवात झाली ती त्याच वर्षी सप्टेंबरात. ६६ कोटी घनमीटरचा हा साठा जपानमधल्या धरणांत सर्वांत मोठा.

मियामोतोंच्या बाबतीत गोंधळ उलट्या दिशेने होतो. त्यांना जुन्याचे कैवारी समजलं जातं. प्रत्यक्षात दूरच्या बेटांच्या विकासासाठी १९५३मध्ये झालेल्या कायद्यामागे ते हिरिरीने उभे होते. बेटांवर धक्का हवा, वीज हवी, रस्ता हवा, पोरांना तिथेच पोट भरता यायला हवं, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे गवती छपराइतक्याच कुतूहलाने ते सिमेंटचा नवा बांधही टिपतात. प्रदर्शन किंवा कॅलेंडर करणारे गवती छपरं उचलतात आणि सिमेंट वगळतात; मग आपल्यासमोर जो मियामोतो येतो तो निम्माच असतो. ते निगेटिव्ह आज सुओ-ओशिमाला जपलेले आहेत. चाळायची संधी मिळाली तर निवडक फोटो न बघता एखादा अख्खा रोल बघावा, ७२च्या ७२.