पात्याचे पोलाद : कठिनता व चिवटपणा

हत्याराची धार टिकणे हे पोलादाच्या दोन गुणांवर अवलंबून असते. दाबाखाली आकार न सोडण्याचा गुण म्हणजे कठिनता. आघात न तडकता पचवण्याचा गुण म्हणजे चिवटपणा. एकाच पोलादात पहिला वाढवला की दुसरा बहुधा घटतो. कठिनता कमी पडली तर धार एका अंगाला वळते किंवा चेपते, चिवटपणा कमी पडला तर टवके उडतात. वळलेली धार पोलादी कांडीवर घासून पुष्कळदा सरळ होते. टवका मात्र पाते झिजवूनच काढावा लागतो.

या दोन्ही दोषांचा एकत्र उल्लेख वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (इ. स. सहावे शतक) खड्गलक्षणाच्या अध्यायात येतो. ताकात कालवलेल्या, एक दिवस ठेवलेल्या केळीच्या क्षारात पाणी दिलेले शस्त्र दगडावर भंगत नाही आणि इतर लोहांवर बोथटही होत नाही, असे तेथे म्हटले आहे. पाते दिवसभर भिजवायचे, असा अर्थ घेण्याचा मोह होतो. पण मूळ श्लोकात ‘दिनोषिते’ हे क्षाराचे विशेषण आहे, आणि थंड द्रवात भिजवून पोलादाची कठिनता बदलत नाही. तेव्हा तापलेले पाते शिळ्या मिश्रणात निववणे हाच अर्थ अधिक संभवनीय वाटतो. त्याच अध्यायात इच्छित फळानुसार रक्त, तूप वा पाणी वापरण्याचे विधान आहे. त्याचा हेतू उघडच निराळा आहे.

सुश्रुतसंहितेत (काळ अनिश्चित, आजचे स्वरूप बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले) शल्यशस्त्रांची ‘पायना’ (तापलेले शस्त्र द्रवात निववून पाणी देण्याची रीत) क्षार, उदक व तेल अशी त्रिविध सांगितली आहे. क्षारपायित शस्त्र बाण, शल्य व अस्थी छेदण्यास, उदकपायित मांसासाठी आणि तैलपायित शिरावेध व स्नायुच्छेदासाठी. क्षारयुक्त पाण्यात तापल्या धातूभोवतीचे वाफेचे आवरण लवकर फुटते, म्हणून ते साध्या पाण्याहून जलद निववते. तेल सर्वांत संथ. म्हणजे हा क्रम निवण्याच्या वेगाचा आहे. मात्र हाडासाठी सर्वांत कठीण धार हे आजच्या रीतीच्या उलट दिसते. त्या काळच्या लोखंडात कार्बन कमी असल्यास जलद निववूनही पाते फार ठिसूळ झाले नसते. शिवाय शस्त्राच्या कामाप्रमाणे धार मसुरीएवढ्या जाडीपासून अर्ध्या केसापर्यंत ठेवण्याचा दंडक तेथेच आहे. टवके टाळण्यात धारेच्या जाडीचा वाटा पोलादाइतकाच असतो, हे पाहता ही विसंगती फारशी गंभीर वाटत नाही.

सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले कार्बनी पोलाद झटकन निववले की कार्बनचे अणू लोहाच्या स्फटिकजालात अडकून मार्टेन्साइट तयार होते. जर्मन धातुवैज्ञानिक आडोल्फ मार्टेन्स (१८५०–१९१४) यांच्यावरून हे नाव पडले. ते अत्यंत कठीण पण काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून पाते पुन्हा साधारण १५० ते ३०० अंशांपर्यंत तापवून काही कठिनता सोडून दिली जाते. लोहार हे रंगावरून ओळखतो : घासून चकचकीत केलेल्या पात्यावर आधी गवताच्या काडीसारखा पिवळा (सुमारे २२० अंश), मग तपकिरी, जांभळा व शेवटी निळा (सुमारे ३००) रंग सरकत येतो. सुरीला पिवळा पुरतो, आघाताच्या हत्याराला जांभळ्याच्या पुढे जावे लागते. यंत्राच्या साणेवर पातळ धार निळी पडली तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले, म्हणजे कठिनता गेली, असे समजावे.

कठिनता रॉकवेल ‘सी’ मापनश्रेणीवर मोजतात. १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू १५० किलोग्रॅम भाराने दाबून तो किती खोल रुतला, ते पाहतात. युरोपीय स्वयंपाकी सुऱ्या साधारण ५४ ते ५८, अनेक जपानी सुऱ्या ६० च्या वर असतात. विक्रेते हाच आकडा मिरवतात, पण तो चिवटपणाविषयी फारसे सांगत नाही. त्यासाठी शार्पी पद्धतीने लोलकाच्या घावाखाली नमुना मोडावा लागतो. समान कठिनतेच्या दोन पोलादांतही मोठा फरक पडतो. सुमारे १.५ टक्के कार्बन व १२ टक्के क्रोमियम असलेल्या ‘डी २’ पोलादात कार्बाइडांचे (धातू व कार्बन यांच्या कठीण संयुगांचे) मोठे कण असतात. झीज कमी होते, पण भेगेला तेथूनच वाट मिळते. चूर्ण धातुविद्येने, म्हणजे धातूच्या पुडीपासून पोलाद घडवून, हे कण बारीक ठेवता येतात. स्फटिककण बारीक राखले तर दोन्ही गुण एकत्र सुधारतात. पोलाद जास्त तापवल्यास ते वाढतात आणि पाते ठिसूळ होते.

गोठलेले मांस, हाड, नारळाची करवंटी किंवा पात्याने उचकटणे यांत टवके उडण्याचा धोका सर्वाधिक. सरळ दाबापेक्षा आडवा पीळ पातळ धारेला अधिक घातक ठरतो. चिनी मातीच्या ताटलीवर कापल्यास मऊ धार लगेच बोथटते, कठीण धारेला बारीक दाते पडतात. ग्रामीण महाराष्ट्रात कोयत्यासाठी मालमोटारीच्या कमानीचे जुने पाटे वापरतात. या पोलादात कार्बन मध्यम असल्याने धार वरचेवर लावावी लागते, पण लाकडाच्या गाठीवर घाव बसला तरी पाते सहसा तुटत नाही.