हिडकलचं ‘हडिकल’ का व्हायचं?

पावसाळ्यात फोनवर बातम्या उघडायच्या त्या हिडकल धरण किती भरलं हे बघायला. पहिल्यावहिल्या स्मार्टफोनांच्या पडद्यावर यायचं ‘हडिकल’. बेळगाव मात्र बेळगावच दिसायचं. कितीतरी फोनांवर तर दोन्हींच्या जागी नुसते चौकोन.

चौकोनांचं कारण साधं आहे, फोनमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसायचा. ‘हडिकल’ची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, चिन्हं उच्चाराच्या क्रमानं साठवली जातात: ह, मग पहिली वेलांटी, मग ड, क, ल. काढताना मात्र वेलांटी ‘ह’च्या आधी यायला हवी. ही अदलाबदल करणारी अक्षरजुळणीची यंत्रणा फोनमध्ये नसली, की चिन्हं जशी आली तशी मांडली जातात. वेलांटी ‘ह’च्या नंतर पडते आणि वाचणारा ती ‘ड’ला लावतो. ‘बेळगाव’मध्ये पहिली वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही, म्हणून ते वाचलं. संकेश्वर गावाचं नाव वाचलं नाही. त्याच्या ‘श’चा पाय मोडलेलाच राहायचा: संकेश्‌वर.

यावर एक तोडगा पोरं एकमेकांना सांगायची. ऑपेरा मिनी हा ब्राउझर उघडायचा, पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं आणि बिटमॅप फॉन्टच्या ओळीत ‘येस’ निवडायचं. मराठी लख्ख दिसायची!

२००६ साली जगभर आलेल्या या ब्राउझरची बुद्धी फोनमध्ये नव्हतीच. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथंच त्याची मांडणी व्हायची आणि आवळून लहान केलेलं पान फोनकडे यायचं. सेकंदाला ४० किलोबिट मिळाले, तर ३०० किलोबाइटच्या पानाला (एक बाइट म्हणजे ८ बिट) एक मिनिट लागतं. तेच ३० किलोबाइटचं केलं तर ६ सेकंद. बिटमॅपचा पर्याय निवडला, की सर्व्हर अक्षरांची चित्रंच काढून पाठवायचा. फोनला देवनागरी यायची गरजच उरत नसे. चित्रं असल्यामुळे मजकूर कॉपी मात्र होत नसे, आणि पानही थोडं जड व्हायचं.

मोठी मर्यादा दुसरीच होती. पानातली जावास्क्रिप्टही, म्हणजे बटणं वगैरे चालवणारा कोडही, सर्व्हरवरच चालायची, त्यामुळे फोनवर बटण दाबलं की पुन्हा तिकडे फेरी. बँकेचं कुलूपबंद पानसुद्धा वाटेत त्या सर्व्हरवर उघडलं जायचं. अशा पानांवर पासवर्ड टाकू नये हा सल्ला अगदी योग्य होता. २००७ च्या पहिल्या आयफोननं सगळी मांडणी फोनमध्येच करून दाखवली, तीही १२८ मेगाबाइट रॅमवर. वेबवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणारं फ्लॅश तेवढं त्यात चालत नसे.

अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीत देवनागरी आली ४.० मध्ये, २०११ साली. कानडीची अडचण आपल्यासारखीच: तिची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, पहिल्याच्या खाली बसवावी लागतात. तिला ४.१ पर्यंत, २०१२ पर्यंत थांबावं लागलं. आमच्याकडे एकाच घरात आजोबा मराठी वाचतात आणि नातवंडं कानडी शाळेत जातात. त्या मधल्या काळात आजोबांना हिडकल नीट दिसत होतं, नातवंडांना अजून नाही.